मृत्यूनंतर किडनी दान करायला तयार असलेले लोक हात किंवा चेहरा म्हटलं की का कचरतात?

कारण हे अवयव दिसतात, आणि अंत्यदर्शनाला देह अपुरा दिसेल ही घरच्यांची मोठी धास्ती असते. आजवरच्या पाहण्यांमध्येही साधारण हाच उतार दिसतो: किडनीला होकार जास्त, हाताला कमी, चेहऱ्याला सगळ्यांत कमी. खरं तर काढलेल्या हाताच्या जागी कृत्रिम हात आणि चेहऱ्यावर हुबेहूब मुखवटा बसवून देह परत देता येतो (हे कुणी आधी सांगतच नाही!). ‘उद्या बाबांचाच चेहरा रस्त्यात समोर आला तर?’ ही भीतीही बरीचशी अनाठायी. त्वचा दात्याची असली तरी खालची हाडं घेणाऱ्याची, त्यामुळे चेहरा तिसराच दिसतो. २००५ मध्ये फ्रान्समध्ये झालेलं चेहऱ्याचं पहिलं प्रत्यारोपण तर चेहऱ्याच्या काही भागाचंच होतं. दात्याच्या जबड्याची हाडंही बसवली, तर मात्र थोडंफार साम्य राहू शकतं.