वखारीतलं नाटक, मागाच्या शेडमधलं नाटक : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या मंडळींनी बेळगावच्या वडगावातल्या बंद पॉवरलूम शेडमध्ये केलेल्या इमर्सिव्ह नाटकाच्या प्रयोगाबद्दल लिहिलं होतं, तर त्यावर पत्रं आणि व्हॉट्सॲपवर मेसेज बरेच आले. सगळे काही इथं मावणार नाहीत, त्यातले थोडे घेतलेत.

ताई, इमर्सिव्ह नाटक म्हणजे नक्की काय ओ? घरात सांगितलं की खुर्च्या नसतात, फिरत फिरत बघायचं, तर आई म्हणाली मग तिकीट कशाचं घेतात? – एक वाचक, टिळकवाडी

आईंना विचारा, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला त्या कधी गल्लीच्या तोंडाला उभ्या राहिल्यात का. बेळगावात कोण राहिलं नाही सांगा! ट्रॉलीवर प्रसंग चाललेला असतो, मावळा झालेला पोरगा आपल्याच शेजारचा असतो, दोन पावलं पुढं गेलो की तलवार हाताच्या अंतरावर येते आणि मागं सरकलो की नुसती गर्दी आणि दिवे दिसतात, म्हणजे कुठून बघायचं ते आपलं आपण ठरवतो. आम्ही तेवढंच छपराखाली आणलंय, ३६ माणसांसाठी, आणि त्याला गोष्ट दिलीय. तिकीट त्या गोष्टीचं आणि ती तालीम करणाऱ्यांच्या घामाचं.

आणि हे परवा निघालेलं फॅड नाही. कोलकात्यात नाटककार बादल सरकारांनी सत्तरच्या दशकात स्टेज, पडदा, महागडे लाइट सगळं सोडून नाटक प्रेक्षकांच्या मधोमध आणलं, त्याला ते थर्ड थिएटर म्हणायचे. आपल्याकडं १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये सुलभा आणि अरविंद देशपांडे यांच्या आविष्कार या नाट्यसंस्थेनं प्रयोग लावले, तो तर साधा शाळेचा हॉल. परदेशात पंचड्रंक नावाची ब्रिटिश कंपनी प्रेक्षकांना पांढरे मुखवटे घालून मजलेच्या मजले फिरवते, त्यांचा मॅकबेथवरचा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चालला. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही आणि मला विचाराल तर त्याची गरजही नाही.

आमचा कॉलेजचा ११ जणांचा ग्रुप आहे. ओळखीच्यांची तंबाखूची जुनी वखार महिनाभर वापरायला मिळतेय. स्क्रिप्ट शोधायला लागलोय पण जमेल असं काही मिळेना. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, निपाणी

अगं, स्क्रिप्ट शोधणं आधी थांबव. तुमच्या हातात वखार आहे, म्हणजे निम्मं नाटक आहे. पहिले आठ दिवस सगळ्यांनी रोज संध्याकाळी तिथं जाऊन नुसतं बसायचं, मोबाइल बंद ठेवून. कुठून उजेड येतो, कुठं बोललं की घुमतं, कुठल्या कोपऱ्यात तंबाखूचा उग्र वास अजून नाकात बसतो, ते वहीत लिहायचं. मग निपाणीत विड्या वळणाऱ्या एखाद्या मावशींच्या शेजारी अर्धा दिवस बसा. मांडीवर सूप, पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री फिरवायची, चिमटीभर तंबाखू, बोटांनी वळून तोंड दुमडायचं आणि दोरा. मान वर न करता हे चाललेलं असतं आणि तोंडानं मुलीच्या लग्नाचं बोलणं चालू असतं. मजुरी हजार विड्यांमागं, त्यामुळं हात थांबला की पैसे थांबले. तो थांबलेला हात दाखवता आला ना, तर पाच पानांचा संवाद लिहायचा वाचतो. आणि १९८१ चं तंबाखू आंदोलन तर तुमच्या गावचंच आहे, शरद जोशींबरोबर शेतकरी हायवेवर बसून होते, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा तिथं असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत, त्यांना आत्ताच भेटा. मात्र ज्यांची गोष्ट घ्याल त्यांना विचारून घ्या, मानधन द्या, पहिल्या प्रयोगाला पुढं बोलवा. फुकटात कुणाचं आयुष्य उचलायचं नाही, यावर मी अगदी ठाम आहे.

आता रचना. आम्ही ३६ जणांचे १२-१२ चे तीन गट करतो, तीन ठिकाणी आठ-आठ मिनिटांचे प्रवेश एकाच वेळी सुरू, चौंडकं वाजलं की गट पुढच्या जागेला सरकतो, म्हणजे नट तोच प्रवेश तीनदा करतात आणि शेवटचा प्रवेश सगळ्यांना एकत्र. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या तालमीत आमचं सगळं फिसकटलं, कारण एका कोपऱ्यातलं भांडण दुसऱ्या कोपऱ्यातल्या कुजबुजीवर चढायचं. मग आम्ही तिन्ही प्रवेश घड्याळ लावून असे बसवले की एकीकडं आरडाओरडा असेल तेव्हा बाकी दोन ठिकाणी नुसतं काम चाललेलं असेल, कुणी बोलत नसेल. त्यानंतर गंमत अशी झाली की लांबून ऐकू येणारं भांडणच लोकांना पुढं ओढायला लागलं.

आणि वखारीत पणती, टेंभा, उदबत्ती काही म्हणजे काही पेटवायचं नाही. बारदान आणि तंबाखूचा भुगा आहे तिथं. दोन्ही दारं प्रयोगभर उघडी ठेवायची, माळ्यावर माणसं चढवायची नाहीत, वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवूनच लाइट लावायचे. धूळ आधी पाणी मारून काढा, दम्याच्या माणसाला तिकिटाच्या वेळीच सांगा.

तुमच्या वडगावच्या प्रयोगाला आलो होतो. एका मुलानं एकदम हाताला धरून अंधाऱ्या बोळातून आत नेलं. माझं वय ७१. छातीत धडधडायला लागलं, बाकीचं नाटक डोक्यातच गेलं नाही. हे बरोबर आहे का? – एक वाचक, शहापूर

काका, बरोबर नाही. चूक आमची आहे, आणि मी मनापासून माफी मागते. तो मुलगा त्याला सांगितलं तेच करत होता, सांगणारी मी होते. हात धरल्यावर माणूस नाटकात ओढला जाईल असं मला वाटलं होतं, समोरच्याला ते कसं वाटेल याचा विचार कमी पडला. आपल्याकडं पाहुणा आला तर त्याला दारात पाणी देतो, बसा म्हणतो, ओढत आत नेत नाही. तुमचा मेसेज मी तालमीत सगळ्यांना वाचून दाखवला. आता आमचा नट फक्त हात पुढं करतो आणि थांबतो, तुम्ही धरला तर बरोबर या, नाही धरला तर तो एकटा जातो आणि तुमच्यासाठी उजेडातली दुसरी वाट आहे. दारात तिकीट घेतानाच हळदीकुंकवाचा विषय निघतो तितक्या सहज विचारतो, कुणी हात लावलेला चालेल का, आणि नको म्हणणाऱ्याच्या मनगटाला पिवळा दोरा बांधतो. तिन्ही ठिकाणी चार-चार खुर्च्या ठेवल्यात. तुम्ही परत यावं अशी फार इच्छा आहे. काकूंना घेऊन या.

आमच्या नाटकात काही पात्रं कन्नड बोलतात. लोक नाराज होतील का? – एक वाचक, खानापूर

खानापूरच्या बाजारात माणसं जशी बोलतात तशीच पात्रं बोलू देत की. आमच्या प्रयोगात मागवाल्याची बायको दारात ‘बर्री, कूड्री’ (या, बसा) म्हणते आणि लगेच आत वळून नवऱ्यावर मराठीत खेकसते, तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही घरातली माणसं एकदमच हसतात. भाषेवरून इथल्या लोकांनी काय काय सोसलंय ते मला माहीत आहे, माझ्या घरातही ते आहे, म्हणून कुठल्याच भाषेला खलनायकाची भाषा करायची नाही एवढं पथ्य पाळा. मराठी नाटकाचा इतिहास तरी काय सांगतो? १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ बघून. आणि त्याच साली आपल्या बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी पुढं १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. जमलं तर एखाद्या गावात श्रीकृष्ण पारिजात हे उत्तर कर्नाटकातलं लोकनाट्य बघून या, बोलता बोलता गाणं आणि गाता गाता प्रेक्षकांशी बोलणं कसं असतं ते तिथं शिकायला मिळेल.

तिकीट किती ठेवावं? – एक वाचक, अनगोळ

आम्ही १५० ठेवतो. ३६ माणसं, एका संध्याकाळी दोन खेळ, म्हणजे १०,८००. जागा, लाइट, चहा-नाश्ता आणि कलाकारांच्या येण्याजाण्याचं भागतं, वर फार काही उरत नाही. फुकट मात्र ठेवू नका, फुकट असलं की लोक नाव नोंदवतात आणि येत नाहीत, आणि ३६ च्या खेळात दहा जण आले नाहीत तर एक गट जवळजवळ रिकामाच फिरतो.

पावसाळ्यात तुम्ही प्रयोग बंद ठेवता का? – एक वाचक, चिकोडी

पहिल्या वर्षी बंद ठेवले. बेळगावचा पाऊस आणि वर पत्रा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दुसऱ्या वर्षी जुलैत एक खेळ लागलेला होता तो रद्द करवेना, म्हणून आयत्या वेळी मधल्या प्रवेशातले सगळे संवाद काढून टाकले. नवरा-बायको मागापाशी समोरासमोर बसून तुटलेले धागे जोडताहेत, वर पाऊस कोसळतोय, बारा माणसं भिंतीला टेकून बघताहेत, आठ मिनिटं. कुणी खोकलंसुद्धा नाही. तेव्हापासून तो प्रवेश उन्हाळ्यातही आम्ही तसाच, न बोलता करतो.