दारात थांबवलं म्हणून

प्रिय मनू,

परवा रात्री लिफ्ट बंद होती म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत बॅगा ओढत आणल्या. मी कुलूप काढलं, दिवा लावला, आणि तू काही आत येईचना. आपल्या रॉटरडॅमच्या फ्लॅटला उंबरठा नाही, नुसती लोखंडी पट्टी. तिच्या अलीकडे उभी राहून म्हणालीस, "आई, घरी तर आपण आत्ता आलो. मग आजीने तिथे का ओवाळलं? इथे का नाही कुणी ओवाळत?"

"पाय दुखतायत माझे, आत हो," असं म्हणून मी विषय संपवला. पण तुझं ते 'घरी तर आत्ता आलो' रात्रभर टोचत राहिलं. चूक काहीच नव्हतं त्यात. तू जन्मलीस इथे. गोव्यात म्हार्दोळच्या दारात आजी "आयलीं गो म्हजीं भुरगीं" म्हणाली तेव्हा तू परत आली नव्हतीस, फक्त आली होतीस. परत मी आले होते. आणि खरं सांगू? मोपाच्या विमानतळावरून निघाल्यावर स्वतःच्या घरचा रस्ता मी फोनवर बघत होते. चार वर्षांत पूल आणि रस्ते इतके बदललेत की बाणस्तारी आल्यावर कुठे मला डावं-उजवं कळायला लागलं.

मराठीत लिहितेय, हळूहळू वाच. अडलं तर विचार. नाही वाचलंस तरी मी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

दारातल्या ओवाळण्याचा शास्त्रार्थ मला माहीत नाही. मला बाय माहीत आहे. बाय म्हणजे आबांची आई, तुझी पणजी. आणि मला १९८६ सालची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवते. मी सात वर्षांची होते. आबा बोटीवर असायचे, आमच्याकडे तारवटी म्हणतात तसे. एरवी नऊ महिन्यांनी यायचे, पण त्या खेपेला बदली माणूसच मिळेना म्हणून चौदा महिने झाले. घरात आम्ही कोंकणी बोलायचो, पण आबांची पत्रं मराठीत यायची. 'ती. बायस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.' (विनंती विशेष) अशी सुरुवात. वि. वि. हे बोटीवरच्या कुणाचं तरी नाव असेल अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आबांचं साइन-ऑफ झालं, म्हणजे बोटीवरून सुट्टी मिळाली, ती रॉटरडॅमला. हो, इथेच. तिथून मुंबई, मुंबईहून रात्रीची बस. जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला होता, त्यामुळे बस बेतीलाच थांबली. हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन फेरीबोटीने पणजी, मग कदंबाच्या बसने म्हार्दोळ. चवथीचा आदला दिवस होता. पडवीत काका माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होते, मी खाली बसून त्यांना कवंडाळाचं एकेक रानफळ उचलून देत होते. अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा आणि कुठल्याशा परक्या साबणाचा वास. मी ओळखलं नाही गं. उठून दारामागे लपले.

आबा पायरी चढायला लागले तशी आतून बाय ओरडली, "थंयच राव!" तांब्यात पाणी आणि मुठीत भाताचा गोळा घेऊन बाहेर आली. तीनदा ओवाळून गोळा माडाच्या दिशेने फेकला, पायांवर पाणी ओतलं, ओला हात डोळ्यांना लावला. घाई अजिबात नाही. एवढा वेळ आबा मान खाली घालून उभे, आणि एवढा वेळ मी दाराच्या फटीतून बघतेय. पाणी ओतलं तेव्हा त्यांनी डाव्या पायाचा अंगठा वर उचलला. तो अंगठा मला माहीत होता, त्याचं नख अर्धंच होतं. तेव्हा कुठे मी बाहेर आले.

म्हणून मला ते आवडतं. दृष्टबिष्ट मला खरी वाटते म्हणून नव्हे. आबा सरळ आत येऊन खुर्चीवर बसले असते, तर मी चतुर्थीभर त्या माणसाजवळ गेले नसते.

पण अर्धंच सांगितलं तर तू उद्या मोठी होऊन मला पकडशील. आबांबरोबर त्या दिवशी त्यांचा एक सोबती होता, सासष्टीचा ख्रिस्ती. चौदा महिने दोघं एका केबिनमध्ये राहिलेले. त्याच्यासाठी तांब्या नव्हता. त्याला पडवीतच बसवलं आणि चहा दिला तो तुटक्या कानाच्या कपात. तो कप स्वयंपाकघरात इतर कपांबरोबर नसायचा, न्हाणीच्या खिडकीत असायचा. आबा काही बोलले नाहीत, स्वतःचा कप घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. समुद्र ओलांडून आलेल्याच्या पायांवर पाणी घालण्यात थकवा किती धुतला जायचा आणि बाट किती, हे बायला विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर तिने मलाच न्हाणीत धाडलं असतं.

गंमत म्हणजे याच बायने मला सांगितलं होतं की आपला देवसुद्धा मूळचा म्हार्दोळचा नव्हे. आजीबरोबर आपण देवळात गेलो, कासवाच्या पाठीवरची ती उंच पितळी समई तू बघतच राहिलीस, ती म्हाळसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी तिला जुवारी नदी पार करून म्हार्दोळला आणलं. मंगेशही तसाच कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, १५६० मध्ये प्रियोळला आला. वेर्ण्याच्या त्या जागेलाही म्हार्दोळच म्हणतात, जुनं म्हार्दोळ. देवी गाव सोडताना नावही बरोबर घेऊन आली. वेर्ण्याला आता पुन्हा देऊळ उभं राहिलंय, पण आपली म्हाळसा म्हार्दोळलाच आहे. तिचं घर कुठलं, हे तू विचारलंस तर मी काय सांगू?

तुला दारात थांबवलं तेव्हा तू घाबरलीस, ते मी पाहिलं. आपण घाण आहोत म्हणून आजी आत घेत नाही असं वाटलं ना तुला? तू बुटांकडे बघितलंस. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी स्वतः मान खाली घालून उभी होते, आणि आजीचा हात थरथरत होता म्हणून पाणी माझ्या पँटवर सांडत होतं, आणि मला वर बघवेना.

काल तू शाळेत गेल्यावर आजीला फोन केला, तुझा प्रश्न सांगितला. मला वाटलं वाईट वाटेल तिला. ती म्हणाली, "मागीर? ओवाळ की! भात नसलो जाल्यार पावाचो कुडको घे."

तेव्हा बघ. एप्रिलमध्ये तू शाळेच्या सहलीला आठ दिवस जाणार आहेस. आल्यावर बेल वाजवून बाहेर थांबावंसं वाटलं तर थांब, मी तांब्या भरून ठेवीन. थेट आत आलीस तरी बरंच आहे. फक्त पावाचा तुकडा कुठे टाकायचा ते तू ठरव, कारण बाल्कनीखाली सायकलींची शेड आहे आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा आधीच आपल्या फोडणीवर नाराज आहेत.

तुझी
आई