मुंबई हायचं (मुंबईजवळ समुद्रातलं तेलक्षेत्र) तेल मुळात कुठे तयार झालं हे कसं शोधतात? आणि आपल्या पुण्याखाली का नाही?

पुण्याचं आधी सांगून टाकतो. कात्रज घाटात रस्त्याकडेला दिसतो तो काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा गार झालेला लाव्हा, त्यात तेल तयार होत नाही. तेलाला गाळाचा खडक लागतो, त्यात दबलेलं शेवाळ, झाडपाला, आणि मग साधारण ६० ते १५० डिग्री तापमान, तेही लाखो वर्षं.

मुंबई हाय सापडलं १९७४ ला. तिथे तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत आहे, पण ते तिथलं नाही, खालच्या त्याहून जुन्या पन्ना फॉर्मेशन या खडकांच्या थरातल्या शेलमधून (चिखलाचा झालेला खडक) आलेलं मानतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून भेगा-फटींतून वर सरकत जातं आणि वर घट्ट शेल आडवा आला की अडकतं.

तेल कुठून आलं हे कळतं बायोमार्करवरून, म्हणजे जुन्या जीवांचे तेलात उरलेले रेणू, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. जीसी-एमएस मशीनवर (रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र) तेल चालवलं की आलेखात एकेका रेणूचे उंचवटे, म्हणजे पीक, दिसतात. होपेन हा रेणू म्हणजे बॅक्टेरिया, स्टेरेन म्हणजे शेवाळ वगैरे, आणि ओलिअनेन ठळक असेल तर फुलझाडांचा पाला, म्हणजे स्रोत बहुतेक क्रिटेशियस (डायनासोरांचा शेवटचा काळ) किंवा नंतरचा. मग हेच पीक शेलमधून काढलेल्या अर्काशी बोटांच्या ठशांसारखे जुळवायचे, जोडीला कार्बन आयसोटोप, म्हणजे हलक्या-जड कार्बनचं प्रमाण.

तेल किती लांबून आलं यासाठी बेंझोकार्बाझोल (तेलातले नायट्रोजनवाले रेणू) बघतात, पण एकट्या त्यावर अंतर ठरवू नका, तेल किती तापलंय त्यानेही ते बदलतं.