छोल्यांचा एक टिन

प्रिय चिऊ,

काल रात्री मी ड्यूटीला निघताना तू विचारलंस आणि मी "उद्या सांगते" म्हणून पळाले. बस चुकली असती. पण रात्रभर तुझा तो चेहरा डोळ्यांसमोर होता, म्हणून पहाटेच्या चहाच्या सुट्टीत लिहायला बसले. शनिवारच्या मराठीच्या वर्गामुळे तुला आता चांगलं वाचता येतं. कुठे जोडाक्षर अडलं तर बाबांना विचार.

तू म्हणालीस, शाळेच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाला, सगळ्यांनी फूड बँकेसाठी (गरजूंना फुकट खाणं-सामान देणाऱ्या संस्थेसाठी) पिशव्या भरभरून आणल्या आणि तू नेलास छोल्यांचा एकच टिन. टेबलावर ठेवताना तुला लाज वाटली. आजीला फोनवर सांगितलंस तर ती म्हणाली, "असू दे गं, फूल ना फुलाची पाकळी." मग तू मला दोन गोष्टी विचारल्यास. आजी म्हणाली त्याचा अर्थ काय, आणि आपण गरीब आहोत का.

दुसरं आधी सांगते. नाही, आपण गरीब नाही. पण यंदा आपला हात आखडता आहे. बाबांचे कामाचे तास कमी झालेत, घरभाडं वाढलंय. मागच्या वर्षी आपण महिन्याला 10 पौंड देण्यासाठी बाजूला काढायचो, आता 4 काढतो. पण ते 4 पौंड पगार झाला की त्याच दिवशी निघतात, भाजी आणायच्याही आधी. तू 10 वर्षांची आहेस, हिशेब तुला कळतो, म्हणून तुझ्यापासून काही लपवत नाही. कर्ज काढून किंवा उसने घेऊन आपण कुणाला देणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तसंच ऐपत पाहून द्यायचं.

आता पाकळी. देवाला फूल वाहायचं असतं. फूल नाही मिळालं तर एक पाकळी वाहायची, तीही पोचते. लग्नात आहेर करताना, कुणाच्या आजारपणात मदत देताना आपली माणसं हे सहज म्हणतात. घेणाऱ्याला ओझं वाटू नये आणि देणाऱ्याला कमीपणा, म्हणून. मात्र ज्याची परडी फुलांनी भरलेली आहे त्याने पाकळी देऊन हे म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. तू दिलास तो टिन आपली पाकळी होती. लाजायचं काही कारण नाही.

आजीला ही गोष्ट कुठून कळली ते सांगते. तुझ्या पणजीचं घर कराडच्या बाजूला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जातं, जात्याशेजारी एक काळं मडकं. पहाटे दळायला बसण्याआधी ती जोंधळ्यातून एक मूठ काढून त्या मडक्यात टाकायची आणि मगच जात्यात दाणे घालायची. घरात सात माणसं खाणारी, पाऊस बेताचा. तरी मूठ आधी. मी लहानपणी तिला विचारलं होतं, दळून झाल्यावर उरलं तर का नाही टाकत? ती म्हणाली, "उरत कुठं असतंय बाई?" तेवढंच बोलली आणि खुंट्याला हात घातला.

ते धान्य जायचं शाळेच्या वसतिगृहात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. खेड्यातल्या गरीब पोरांनी शिकायचं तर त्यांनी राहायचं कुठे आणि खायचं काय, हा खरा प्रश्न होता. म्हणून 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. पैसा नव्हताच. मग बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला ठेवायचं आणि ते गोळा करून मुलांना जेवू घालायचं, असा मुष्टिफंड चालला. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांसाठी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यांच्या त्यागाबद्दल ऐकताना तुझ्या आजोबांचा आवाज अजूनही कातर होतो. कारण आजोबा त्याच संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. कुठल्या कुठल्या घरांतल्या मडक्यातल्या मुठींची भाकरी खाऊन.

इथे एक गोष्ट मला तुला खरी खरी सांगायची आहे. आपल्याकडचं सगळंच देणं चांगलं नव्हतं. दाराशी आलेल्याला शिळंपाकं द्यायचं, अंगावर सावली पडू नये म्हणून लांबून टाकायचं, ओंजळीत वरून पाणी ओतायचं, आणि वर पुण्य केलं म्हणायचं, हेही आपल्याच गावांत पिढ्यान्पिढ्या चाललं. कोण कुठल्या जातीचा ते पाहून ताट लागायचं. कर्मवीरांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला बसायची, एकच भाकरी खायची. मला त्या मुठीपेक्षा ती पंगत मोठी वाटते. मूठ अनेकांनी दिली असेल, पण ती कुणापुढे कशी ठेवायची हे तिथे शिकवलं गेलं.

म्हणून टिन घेताना मी तुला दुकानात इतका वेळ उभं ठेवलं होतं. तू म्हणालीस, कपाटातला तो जुना सूपचा टिन देऊ या, आपल्याला आवडत नाही. मी नको म्हटलं, तुला राग आला. आपण जे खाणार नाही ते दुसऱ्याला का द्यायचं? आणि मी खेचून उघडायच्या रिंगचाच टिन निवडला, कारण काही घरांत टिन उघडायला साधन नसतं. पुढच्या वेळी आधी फूड बँकेची यादी बघू. बहुतेक लोक पास्ता आणि बीन्स देतात, त्याचा ढीग पडतो, आणि साबण, टूथपेस्ट, टिकणारं दूध कमी पडतं. एकच वस्तू द्यायची असेल तर कमी असलेली द्यावी. बाबा टॅक्स भरतात, त्यामुळे देणगीच्या फॉर्मवर गिफ्ट एडची खूण केली की आपल्या 1 पौंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी 25 पेन्स मिळतात. आपले 4 पौंड तिथे 5 होतात. ती खूण करायला आपण कधीच विसरत नाही.

पैसे नसले तरी हात असतातच. आषाढीच्या वारीत रस्त्याच्या कडेला बसून कुणी वारकऱ्यांच्या तुटक्या चपला फुकट शिवून देतो, कुणी दाढी करून देतो, कुणी सुजलेल्या पायांना तेल चोळून देतो. ज्याच्या हातात जे काम, ते तो देतो. तू परवा पहिलीतल्या त्या नव्या मुलीला मधल्या सुट्टीत वाचून दाखवत होतीस, तुझ्या बाईंनी मला सांगितलं. मी तुला काही बोलले नाही, पण बसमध्ये मला रडू आलं.

तुझ्या खाऊच्या पैशांतून काही काढायचं की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही. ओट्यावर पोह्यांचा रिकामा स्टीलचा डबा धुऊन ठेवलाय, त्याला झाकण घट्ट बसतं. महिन्याच्या शेवटी आपण दोघी मिळून उघडू आणि कशासाठी द्यायचं ते तू सांग.

आणि हो, शेजारच्या आजींनी रविवारी अ‍ॅपल क्रंबल दिला होता, त्यांचं निळं भांडं आपल्याकडेच आहे. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. काही नसलं तर पणजी त्यात चमचाभर साखर घालायची. आज दुपारी मी शिरा करून ठेवते. शाळेतून आलीस की देऊन ये. भांडं गरम असेल, दोन्ही हातांनी धर, आणि दोन मिनिटं त्यांच्याशी बोल. त्यांना ऐकू कमी येतं, जरा मोठ्याने बोल.

तुझी,
आई