उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायला ४५ एचपी चार सिलिंडर घ्यावा की ५५ एचपी तीन सिलिंडर? डिझेल कोण कमी खातो?

तुम्ही लिहिलंय की गावात सगळे सांगतात, चार सिलिंडर म्हणजे डिझेल जास्त. हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, बारशात ऐकलंय, एकदा तर दहाव्याला नदीवर ऐकलंय. बहिणीचा नवरा, तोंडावर बोलायची सोय नाही. म्हणून इथं लिहितो.

सिलिंडर मोजून डिझेल कळत नाही. स्वराज ८५५ ला सिलिंडर तीन आणि इंजिन ३३०० सीसीच्या वरचं. महिंद्रा ५७५ ला सिलिंडर चार आणि इंजिन २७३० सीसीचं. आता सांगा मोठं कोण? डिझेल जातं ते तुम्ही काम किती घेता त्यावर. भरल्या लोडवर ट्रॅक्टरचं इंजिन एका किलोवॅट-तासाला साधारण २२० ते २६० ग्रॅम डिझेल जाळतं. चढाला ३० किलोवॅट, म्हणजे चाळीसेक एचपी, लागत असतील तर तासाला आठ ते साडेनऊ लिटर जाणारच, आत पिस्टन तीन असोत नाहीतर चार. मॉडेल-मॉडेलमधला खरा फरक त्या २२० आणि २६० मध्ये आहे, आणि तो बॉनेटवर लिहिलेला नसतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओला (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) किती ताकद मिळाली, हुकला किती ओढ मिळाली, डिझेल किती लागलं, सगळं असतं. शोरूममध्ये चहा घेण्याआधी तो अहवाल मागा.

आता ओढायचं. दाजींनी ५५ चा नवा घेतला त्या हंगामातली गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आमचा जुना ४५ चा, चार सिलिंडरचा, रंग उडालेला. नदीकाठचा फड, वर अवकाळी पडून गेलेला. टोळीनं दोन ट्रॉल्या भरल्या, आणि मुकादम घाईला आलेला, कारण कारखान्यावर नंबर लागायचा होता. फडातून रस्त्याला लागताना ताठ चढ आहे. दाजींच्या ड्रायव्हरनं पहिला लो गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पुढची दोन्ही चाकं वीतभर वर! पोरगं घाबरलं, क्लच दाबला, ट्रॅक्टर दाणकन खाली. मग टोळीतले दोन गडी पुढं बंपरवर बसवले. (हे कुणी करू नये. सगळे करतात.) आता तोंड खाली राहिलं तर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. नक्षीत काळी माती भरून टायर गुळगुळीत झालेलं, आणि खाली बुडाला टेकेपर्यंत खड्डा. गंमत अशी की इंजिन दमलंच नव्हतं. साधा काळा धूरसुद्धा नाही. पंचावन्नच्या पंचावन्न एचपी रिकाम्या बसून होत्या.

मी खाली वाकून बघितलं. हुक वरच्या भोकाला चढवलेला. आणि पुढची लोखंडी वजनं? ती डिझेल वाचावं म्हणून दाजींनी काढून गोठ्यात ठेवलेली. मी आमचा ट्रॅक्टर आणला. त्याच्या मागच्या टायरांत पाणी भरलेलं, एकेकात जवळपास २०० लिटर, वर चाकाला वजनं. हुक खाली घेतला, ट्रॉल्या सोडवल्या, एकेक करून वर काढली. धूर निघाला, इंजिन कण्हलं, पण आली. दाजी म्हणाले, "माती ओली होती." आमच्या ट्रॅक्टरला काय वेगळी माती होती?

हिशोब असा आहे. भरलेली ट्रॉली दहा टन धरा. मऊ मातीत ती हलवायला तिच्या दहा टक्के, म्हणजे एक टनाची ओढ लागते. ओल्या मातीत चाकाला पकड मिळते ती चाकावरच्या वजनाच्या जेमतेम निम्मी. मागच्या चाकांवर दीड टनच असेल तर पाऊण टनाच्या वर ओढ मिळणारच नाही, मग इंजिन ७५ चं का असेना. आमच्या पाण्यानं आणि वजनांनी ते दोन टनांवर नेलं, म्हणून एकेक ट्रॉली निघाली. हुक जितका वर, तितका ओढताना ट्रॅक्टर मागं उलथायला बघतो. याच्यात माणसं गेलीत.

एचपी कुठं कामाला येते? रस्त्यावर, आणि तीही वेगापुरती. दोन ट्रॉल्या मिळून वीस टन आणि शंभर फुटांत पाच फूट चढ असेल, तर ४५ चा ताशी सातच्या आसपास चढेल, ५५ चा नऊच्या. चढतात दोघंही. एकूण डिझेल जवळपास तेवढंच. म्हणून कारखाना पाच-सात किलोमीटरवर असेल तर ५५ वर पैसे घालू नका. पंचवीस-तीस किलोमीटर असेल तर घाला, महिन्याच्या खेपा वाढतील. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत येताना मात्र वरचा गिअर आणि कमी रेस, हे कुठलाही ट्रॅक्टर असला तरी. आणि कारखान्याच्या केन यार्डात, जिथं उसाची वाहनं थांबतात तिथं, रांगेत इंजिन चालू ठेवून झोपणारे ड्रायव्हर बदला. माझ्या मते निम्मं डिझेल तिथंच जातं.

अजून एक, शोरूमवाला आपणहून बोलणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ चे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यामुळं ५५ च्या नव्या मॉडेलात बहुतेक कॉमन रेल (कॉम्प्युटरनं मोजून डिझेल सोडायची पद्धत) आणि सेन्सर आले. ते इंजिन डिझेल नीट जाळतं, खोटं कशाला बोला. पण कॅनमधलं पाणी-कचऱ्याचं डिझेल त्याला चालत नाही, आणि बिघडलं तर गावचा मिस्त्री हात लावत नाही, लॅपटॉपवाला बोलवावा लागतो. ५० च्या खाली तेव्हा साधा डिझेल पंपच चालू राहिला. ४९ च्या घरातले एवढे ट्रॅक्टर बाजारात का दिसतात, ते यावरून समजून घ्या.

माझं सगळं कृष्णाकाठच्या काळ्या मातीवरचं आहे. तुमच्याकडं मुरमाड असेल तर पकड जास्त मिळेल, टायरात पाण्याची गरज कमी पडेल. आणि दोन ट्रॉल्या जोडायच्या असतील तर आधी थांबायचं बघा, ओढायचं नंतर. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. दाजी उतारावर न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणे. गिअरमध्ये ठेवून रेस सोडली की उतारावर ट्रॉल्याच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलला ते चालू ठेवायलाच डिझेल लागतं.