बॅरलच्या आधी गोळी ठरव

शिकारीच्या रायफलला नवं बॅरल (नळी) कुठल्या कंपनीचं घ्यावं, असं विचारलंस; कंपनीचं नाव मागाहून बघू. आधी कुठली गोळी झाडणार ते सांग, कारण ट्विस्ट (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा किती इंचांत एक फेरा पुरा करतात ते) त्यावर ठरतो. ६.५ क्रीडमोर काडतुसाच्या १४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांबट गोळीला दर ८ इंचांत एक फेरा लागतो; .३०८ काडतुसाला १५०-१८० ग्रेनसाठी १० इंचांत एक पुरतो. खरं तर वजनापेक्षा लांबी बघायची. निव्वळ तांब्याची गोळी त्याच वजनात जास्त लांब असते (कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीला शिसं चालतच नाही), तेव्हा ट्विस्ट जरा जलदच, म्हणजे कमी इंचांत फेरा पुरा करणारा, घे.

लांबी २२ इंच बास. जाड टार्गेट बॅरलचा (नेमबाजीचं, सहज न तापणारं) मोह नको. कोलोरॅडोच्या चढावर एल्कमागे (मोठं हरीण) ते तूच वाहणार आहेस. शिकारीत दोन-तीन गोळ्या सुटतात, बॅरल तापायला वेळ कुठे? क्रोममोली (क्रोमियम-मोलिब्डेनमचं पोलाद) की स्टेनलेस यावर लोक उगाच भांडतात. पावसात फिरणार असशील तर स्टेनलेस घे, पुसावं मात्र तेही लागतं.