दुखणं खरंच आहे, ताई

औसा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 44, चार वर्षांपासून कंबर दुखते. लातूरला एमआरआय झाला, 'ऑपरेशनसारखं काही नाही' म्हणाले. आता डॉक्टरांनी समुपदेशकाकडे जायला सांगितलंय, तर सासूबाई म्हणतात, "बघा, नाटकंच होती." ताई विचारतात, "मला येड लागलंय का?"

नाही ताई. तुम्हाला दुखतंय ते खरंच दुखतंय, आणि डॉक्टरांनीही ते खोटं म्हटलेलं नाही.

रानातल्या राखणीच्या कुत्र्याचं बघा. एकदा चोर येऊन गेला की नंतर पान हललं तरी ते भुंकतं. भुंकणं खरं, चोर मात्र नसतो. तीन महिन्यांच्या वर चाललेल्या दुखण्यात मज्जासंस्थेचं पुष्कळदा असंच होतं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मणक्यातच कमी-जास्त होतो, हे मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्येच मांडलं. धास्ती, जागरण, घरातले टोमणे यांनी तो वाढतो. समुपदेशकाचं काम आहे ते इथं.

तुमची एक ओळ मी दोनदा वाचली: "बरं वाटलं त्या दिवशी सगळी खुरपणी उरकते, मग दोन दिवस उठवत नाही." खरी गोम यातच आहे. काम दुखण्यावर नाही, घड्याळावर लावा. वीस मिनिटांत कंबर धरत असेल तर पंधराव्या मिनिटाला बांधावर बसा, बरं वाटत असलं तरी. हे जड जाईल, कारण सोबतच्या बाया पात धरून पुढं निघून जातात. जाऊ द्या. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. सकाळ-संध्याकाळ पाणंदीनं दहा मिनिटं चाला. रात्री पडल्यावर श्वास सावकाश सोडत राहा. दुखणं लगेच जाणार नाही, पण आखडलेलं अंग सैल होतं.

रोजची गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पायातला जोर गेला, मांड्यांमध्ये बधिर वाटलं किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लातूरचा फेरा दरवेळी जमत नसेल तर 14416 या टेली-मानस नंबरवर, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेवर, मराठीत, फुकट बोलता येतं.

सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या खेपेला मालकांना सोबत न्या आणि हे सगळं डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. चार वर्षं तुम्ही एकट्याच सांगत आलात.